फिटलेल्या कर्जाचे हप्ते

वाचक भगिनीचं पत्र

सप्रेम सलाम.

मी नगर जिल्ह्यातली, वय ५४, शाळेत शिक्षिका. आमच्या घरातली ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी. माझा धाकटा भाऊ दारूच्या पायी वाया गेला. आईचे दागिने विकले, एकदा तिच्यावर हातही उचलला. आईनं त्याला केव्हाच माफ केलं, मला ते जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तो पिऊन दारात आला. मी आतून कडी घातली आणि म्हणाले, "मेलास तरी इथं येऊ नकोस." महिन्याभरात तो गेला. लिव्हर संपलं होतं.

तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेतलेला नाही. ताट पुढं आलं की मान खाली घालते, शेजारचीला वाटतं प्रार्थना चाललीय. दर शुक्रवारी उपास करते, नवी साडी घेत नाही, भावाच्या मुलाची फी भरते. काही फिटत नाही. रात्री झोप लागत नाही. पाळकसाहेब म्हणतात, "येशूनं तुमच्या पापांसाठी प्राण दिलाय, विश्वास ठेवा." ठेवतेच आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमेबाहेर कुणी मेलं, त्यानं माझं त्या रात्रीचं वाक्य कसं पुसलं जाईल?

त्यात यंदा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना संपवून घरी येताना माझी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आई, माफ करायला देवाला रक्त कशाला लागतं? आणि तेही स्वतःच्या मुलाचं?" मी गप्प बसले. तिला काय सांगू? आणि मी काय करू?

– एक भगिनी


ताई, सलाम.

आधी मुलीच्या प्रश्नाचं बोलू. तो सुटल्याशिवाय तुमचा सुटणार नाही, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

पोरीला रागावला नाहीत हे फार बरं केलंत. ती काही धर्माबाहेरचं बोललेली नाही. चौथ्या शतकात नाझियान्झचा ग्रेगरी नावाचा बिशप होऊन गेला, त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव ही, शिकवण ज्यांनी घडवली त्यांच्यातला एक. त्यानं ईस्टरच्या उपदेशात भर मंडळीपुढं हेच विचारलं होतं: हे रक्त नेमकं कुणाला दिलं गेलं? सैतानाला म्हणावं, तर लुटारूला मोबदला म्हणून देव स्वतःलाच देतो, ही लाजेची गोष्ट झाली. पित्याला म्हणावं, तर ज्या पित्यानं अब्राहामाच्या हातून त्याचा मुलगा इसहाकसुद्धा घेतला नाही, झुडपात अडकलेला मेंढा पुढं केला, त्याला एकुलत्या एका पुत्राच्या रक्तात आनंद कसा वाटेल? तुमची मुलगी घरी येताना रस्त्यात जे बोलली ते सोळाशे वर्षांपूर्वी व्यासपीठावरून बोललं गेलंय, आणि बोलणाऱ्याला मंडळीनं संत मानलं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. येशूच्या मरणानं तारण *होतं* हे सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना मान्य आहे, पण ते *कसं* होतं याचा एकच एक खुलासा प्राचीन मंडळीच्या कुठल्याही सार्वत्रिक परिषदेनं ठरवून दिलेला नाही. निकियाचा मतांगीकार, उपासनेत म्हणतो ती विश्वासाची कबुली, तुम्हाला पाठ असेल. 'आम्हासाठी', 'पंतय पिलाताच्या वेळेस' एवढं तो म्हणतो आणि पुढं जातो. खुलासे मग माणसांनी आपापल्या काळाच्या भाषेत केले. पहिल्या शतकांतल्या विश्वासणाऱ्यांना क्रूसावर लढाई दिसली, मरणाच्या घरात शिरून ख्रिस्तानं त्याचाच पाडाव केला अशी. १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या अ‍ॅन्सेल्मनं सरंजामी जगाचा शब्द उचलला: मान. माणसानं देवाचा मान राखला नाही, आणि ती भरपाई माणसाच्या ऐपतीबाहेरची आहे. पुढच्याच पिढीतला आबेलार म्हणाला, नाही, हे प्रेमाचं दर्शन आहे, ते पाहून आपलं दगडाचं काळीज फुटतं. सोळाव्या शतकातला कॅल्विन मुळात कायदा शिकलेला. त्याच्या लिखाणात कोर्ट उभं राहिलं, आरोपी, शिक्षा, आणि आरोपीच्या जागी उभा राहिलेला निरपराध. अमेरिकन मिशनऱ्यांच्या वाटेनं नगरकडे जो उपदेश आला त्यात हे शेवटचं चित्र सगळ्यात ठळक होतं. आपल्यापैकी पुष्कळांना तेच एक ठाऊक आहे, आणि मुलीलाही बहुधा तेच खुपतंय.

त्या चित्रात सत्य नाही असं मी म्हणणार नाही. यशयाचा ५३वा अध्याय आपल्याला पाठ आहे, आपल्या अपराधांमुळे तो घायाळ झाला, हे वाक्य कुणी खोडू शकत नाही. पण ते चित्र घाईनं सांगितलं की बिघडतं. रागावलेला बाप, मधे सापडलेला बिचारा मुलगा आणि सुटून गेलेले आपण, असे तीन पक्ष तयार होतात. नव्या करारात तीन पक्ष नाहीत. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, देव ख्रिस्तामध्ये असून जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, तो मी होऊन देतो. पिता एकीकडे आणि पुत्र दुसरीकडे असं हे नाहीच. ज्याचा अपराध झाला तोच येऊन उभा राहिला.

आणि रक्त कुणी मागितलं, हे शुभवर्तमानांत नीट वाचा. महायाजक कयफा म्हणतो, सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा. दंगा नको म्हणून रोमी सुभेदार पिलात हात धुतो. जमाव येशूऐवजी बरब्बा या कैद्याला सोडवून घेतो. क्रूस ही रोमी सत्तेची शिक्षा होती, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली. त्या दिवशी बळी माणसांना हवा होता. (याचा ठपका यहूदी लोकांवर ठेवण्याचं पाप मंडळीनं शतकानुशतकं केलंय, म्हणून मुद्दाम लिहिते: कयफाच्या जागी कुठल्याही गावचे पुढारी बसवा, ते हेच बोलतील.) आता मुलगी हुशार दिसते. ती म्हणेल, पण बायबलातली प्रेषितांची कृत्यं तर सांगतात की हे देवाच्या ठाम संकल्पानं झालं. होय, सांगतात. ते वचन मी लपवणार नाही, आणि त्याची धार बोथट करणारं सोपं स्पष्टीकरणही देणार नाही. एवढंच म्हणेन की तो संकल्प मारण्याचा होता की मारणाऱ्यांच्या हाती स्वतःला देण्याचा, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तिला मी तुमच्या आईचं उदाहरण दिलं असतं. दागिने गेले आणि आईनं मुलाला माफ केलं. त्या माफीत दागिने परत आले का? नाही. ते गेल्याचं दुःख आईनं गिळलं, हात उचलल्याचा अपमान गिळला, आणि भाऊ जेवायला आला की ताट वाढलं. किंमत चुकलीच, फक्त ज्यानं चोरलं त्याच्याऐवजी जिचं गेलं तिनं ती सोसली. माफ करणं म्हणजे नुकसान झालंच नाही असं म्हणणं नव्हे. कुणाला तरी ते अंगावर घ्यावं लागतं. क्रूसाजवळ आपण म्हणतो की देवानं ते अंगावर घेतलं, दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. हे पटायला मुलीला वेळ लागेल. लागू दे.

आता तुमचं.

तुमच्या पत्रात दोन गोष्टींची एक मोळी बांधलेली आहे, ती मला सोडवावीशी वाटते. त्या रात्री तुम्ही कडी घातलीत, आणि त्या रात्री तुम्ही एक वाक्य बोललात. कडी घालण्याला मी पाप म्हणणार नाही. आईवर हात उचललेला माणूस पिऊन दारात उभा असताना दार बंद करणं हे घर सांभाळणं आहे. त्या कडीमुळे त्याचं लिव्हर गेलं नाही. ते कित्येक वर्षांच्या दारूनं गेलं. तुम्ही दार उघडलं असतंत तर तो वाचला असता, हा हिशोब तुम्ही रात्री जागून मांडता, पण तो वैद्यकीयदृष्ट्याही खोटा आहे. मंडळीतलं कुणी जर म्हणत असेल की दारुड्याला शेवटपर्यंत सहन करणं हाच बायाबापड्यांचा क्रूस, तर त्यांचं ऐकू नका. कुणाचा मार खाण्यासाठी येशूनं कुणालाही क्रूस उचलायला सांगितलेलं नाही.

ते वाक्य मात्र पाप होतं. 'तुम्ही रागात होता, जाऊ द्या' असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील आणि त्यानं काडीचाही फरक पडलेला नाही, कारण ते खरं नाही हे तुम्हाला माहीत आहे. क्षमा लागते ती खऱ्या अपराधालाच. तुमचा अपराध दाराएवढा नाही, वाक्याएवढा आहे, आणि तेवढा तो खरा आहे.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते: ज्याचा अपराध केला तोच उरला नाही. माफी मागायची कुणाची? पाळक म्हणतात येशूनं माफ केलं, आणि मनात कुठंतरी येतं की येशूला मी काही बोललेच नव्हते, बोलले भावाला. मग तो परस्पर कसा माफ करतो?

ताई, हा प्रश्न खोल आहे आणि क्रूसाचा आजच्या विश्वासणाऱ्याशी जो संबंध आहे तो मला इथंच सापडतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात येशू म्हणतो, या माझ्या अगदी लहानातल्या एकाला तुम्ही जे केलं ते मला केलं. भुकेला, उघडा, तुरुंगातला, या सगळ्यांच्या जागी तो स्वतःला ठेवतो. आणि नुसतं बोलत नाही, तिथं जाऊन मरतो, वेशीबाहेर, थट्टा ऐकत, दोन गुन्हेगारांच्या मधे. म्हणजे तुमच्या दाराबाहेर त्या रात्री भाऊ एकटा नव्हता. तुमचं वाक्य भावाबरोबर आणखी एकानं ऐकलं. त्याला ते लागलं. म्हणून माफ करण्याचा अधिकार त्याला आहे, परस्पर नाही, स्वतः घाव सोसलेला म्हणून. मला विचाराल तर दोन हजार वर्षांचं अंतर इथंच बुजतं.

आणि तो मेलेलाच राहिला असता तर हे सगळं कवित्व ठरलं असतं. पौल तर सरळ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ, तुम्ही अजून पापातच आहात. उत्तम शुक्रवारची उपासना आपल्याकडे तीन तास चालते, पुनरुत्थानाच्या पहाटेची तासाभरात उरकते, याचा परिणाम आपल्या विश्वासावर झालाय असं माझं प्रामाणिक मत आहे. आपण मरणावर रडतो आणि जिवंताशी बोलायचं विसरतो.

भाऊ आता कुठं आहे हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते आहेच. मी त्याबद्दल निकाल देऊ शकत नाही. एवढं माहीत आहे की येशूबरोबर त्या दिवशी सुखलोकात जाण्याचं वचन शेजारच्या क्रूसावरच्या ज्या गुन्हेगाराला मिळालं, त्याचा ना बाप्तिस्मा झाला होता ना त्याच्याकडे सुधारायला वेळ होता.

आता उपास, साडी आणि फी यांविषयी. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. प्रत्येक याजक रोज *उभा* राहून तेच ते यज्ञ वारंवार करतो, आणि ख्रिस्त पापांबद्दल सर्वकाळासाठी एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे *बसला*. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या, सामानाची सगळी यादी निर्गमात आहे: मेज, दीपवृक्ष, वेदी, गंगाळ. याजकाला बसायला आसन नाही. कारण याजकाचं काम कधी संपतच नसे. तुम्ही दोन वर्षं उभ्या आहात. ख्रिस्त बसलाय आणि तुम्ही अजून दर शुक्रवारी काहीतरी अर्पण करताय.

आपल्याकडे सोसायटीचं कर्ज फिटतं, पण शेतकरी दाखला घेऊन तलाठ्याकडे जात नाही, आणि सातबाऱ्यावर बोजा तसाच दिसत राहतो. तो सातबारा बघून बघून त्याला वाटतं आपण अजून देणेकरी. म्हणून तो आणखी पैसे भरायला गेला तर बँकेत घ्यायलाही कुणी नसतं. देण्याघेण्याची भाषा क्रूसाला अपुरी पडते हे ग्रेगरीनं दाखवलंच आहे, तरी तुमच्यापुरतं हे जुळतं. फेडायचं काही उरलेलं नाही, नोंद करून घ्यायची राहिलीय.

ती नोंद कशी होते? पंडिता रमाबाईंची हकीकत मला इथं आठवते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. शिकवण नुसती 'मान्य करा' म्हणून त्यांनी कधीच मान्य केली नाही, तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पापाचं ओझं होतं तिथंच होतं. रमाबाईंसारख्या विदुषीला आठ वर्षं लागली. तुम्हाला दोन वर्षांत उमगलं नाही म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही. आणि रमाबाईंनी त्यानंतर जे केलं, केडगावचा आश्रम, दुष्काळातल्या पोरी, ते कर्जाचा हप्ता म्हणून केलेलं नव्हतं.

म्हणून फी बंद करू नका. तुम्ही त्याच्या आत्या आहात, आत्यानं फी भरावी. फक्त पावती हातात आली की मनातल्या वहीत मांडू नका. कधी फीबरोबर त्याला आवडणारं काहीतरी घेऊन जा, ज्याची कुठल्याच खात्यात नोंद होत नाही. उपास सोडा, निदान काही महिने. प्रार्थनेसाठी उपास चांगलाच, पण तुमचा उपास प्रार्थना राहिलेला नाही, शिक्षा झालाय. साडी तर येत्या आठवड्यातच घ्या.

प्रभुभोजनाचं थोडं सविस्तर. तुमच्या मनात १ करिंथ ११ मधलं 'अयोग्य प्रकारे' खाण्या-पिण्याचं वचन असणार. आपल्याकडे ते प्रभुभोजनाआधी इतक्या दरडावून वाचलं जातं की साध्या माणसांना ताटाची भीतीच बसते. पौल कुणाला बोलत होता ते त्याच अध्यायात वर पाहा. करिंथात पैसेवाले आधी येऊन पोटभर खात, काही तर झिंगत, आणि मजूर-गुलाम येईपर्यंत काही उरत नसे. पौल चिडलाय तो या तऱ्हेवर. रडत येणाऱ्या बाईला त्यानं हाकललेलं नाही. पहिल्या रात्री मेजाभोवती कोण होतं तेही बघा. लूक सांगतो, धरून देणाऱ्या यहूदाचा हात त्याच मेजावर होता. पेत्र होता, जो कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणार होता. भाकर सगळ्यांना दिली गेली.

पेत्र आणि यहूदा, दोघांनीही त्याच रात्री गुरूला सोडलं, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदानं तीस रुपये परत नेऊन टाकले आणि आपला न्याय आपणच केला. पेत्राकडे परत करायला काही नव्हतं. तो रडला, मासे धरायला गेला, आणि किनाऱ्यावर कोळशांच्या विस्तवावर न्याहारी करून वाट बघणारा येशू त्याला भेटला. तिथं त्याला तीनदा विचारलं गेलं, माझ्यावर प्रीती करतोस का? जे झालं ते झाकलं गेलं नाही, तीनदा म्हणजे तीनदा. पण आधी न्याहारी झाली.

याचा अर्थ माणसांकडे जायला नको असा मात्र नाही. भावजयीला ते वाक्य माहीत आहे का? पत्रावरून कळत नाही. माहीत असो वा नसो, तिच्याकडे जा, एकट्या जा, आणि सांगा: मी असं बोलले होते, माझं चुकलं. 'पण तो प्यायलेला होता' हे जोडू नका, तिला ते तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. ती रडेल, कदाचित चिडेल, कदाचित म्हणेल की फी तरी कशाला भरता मग. ऐकून घ्या. जकातदार जक्कय चौपट परत करीन म्हणाला ते येशू घरात आल्यावर, येशूनं घरात यावं म्हणून नव्हे. तसंच तुमचं भावजयीकडे जाणं. तिनं माफ केलं तरच मी ताटाला हात लावीन, अशी अट घालू नका, नाहीतर तुमच्या तारणाची किल्ली तुम्ही त्या बिचारीच्या हातात द्याल, आणि तिच्यावर आधीच पुरेसं ओझं आहे.

झोपेचं हलक्यात घेऊ नका. एवढा काळ झोप उडालेली असेल तर ते नुसतं विश्वासाचं काम नाही, डॉक्टरांचंही आहे. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार मनात येत असतील तर आजच बोला, आणि मुलीला सांगा. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही.

शेवटचं काम पाळकसाहेबांचं. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारआधी त्यांना भेटा आणि 'मला शांती नाही' असं मोघम सांगू नका, ते वाक्य आहे तसं सांगा. मोघम दुखण्याला मोघम औषध मिळतं, आजवर तेच झालंय. त्यांना म्हणा, हे ऐका आणि क्षमेचं वचन माझं नाव घेऊन मला वाचून दाखवा. ऐकल्याबरोबर ते "अहो, त्यात काय एवढं" म्हणाले, तर दुसऱ्या मंडळीतल्या एखाद्या वयस्कर पाळकांकडे किंवा पाळकीणबाईंकडे जा. आपल्या जिल्ह्यात अशी माणसं अजून आहेत. आणि त्या रविवारी मुलगी येणार असेल तर तिला शेजारी बसू द्या. तिचा प्रश्न सुटलेला नसेल, तरी चालेल.

– तुमची सल्लागार भगिनी